वरच्या खाचराचं पाणी

१२ एप्रिल २००६, घोडेगाव

माती उपसायचं यंत्र परत गेलं. कोंडाबाई त्याच्यापुढे मातीत बसून राहिल्या, तेव्हा ड्रायव्हरनेच इंजिन बंद केलं. खाली उतरून बिडी पेटवली आणि मला म्हणाला, "मॅडम, खाली मानूस हाय म्हंत्यात. मी नाय बकेट घालनार. मला बी घर हाय."

उंबरमाळाच्या वाडीवर आता भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेत. सगळ्या उतारावर काळे चौकोन, जळक्या पाल्याचा वास केसांत बसला आहे. फक्त कोंडाबाईंच्या वरच्या खाचरात काही नाही. खाचर तरी कुठे उरलंय. गेल्या जुलैत दरड आली आणि वरून खालपर्यंत लाल मातीची जीभ पसरली. दुंदाबाबा, कोंडाबाईंचे मालक, त्या वेळी तिथेच होते. पावसाने शोधू दिलं नाही. माती सारखी सरकत होती. मग शोध थांबला तो थांबलाच.

मी त्यांना "मावशी, उठा" म्हटलं. त्या म्हणाल्या, "लोखंडाचं दात हायेत त्याला. त्यांना लागतील."

१३ एप्रिल

कृषी कार्यालयात साहेबांना सांगितलं. साहेब वाईट माणूस नाहीत. डबा उघडता उघडता म्हणाले, "हे आपत्कालीन अनुदान आहे, सुनंदा. पावसाच्या आत जमीन पूर्ववत झाली पाहिजे, नाहीतर पैसे वर परत. आणि माथा ते पायथा. सगळ्यात वरचं खाचर सोडून खालची दुरुस्त केली तर पहिल्याच पावसात सगळं पुन्हा खाली."

माथा ते पायथा. परीक्षेत मी यावर चार पानं लिहिली होती. जमीन वरून बांधत आणायची, म्हणजे पाणी चालायला शिकतं, असलं काहीतरी वाक्यही टाकलं होतं. तपासणाऱ्या सरांनी त्याखाली रेघ मारली होती. मला वाटलं, आवडलं म्हणून.

आता एका बाईच्या हट्टावर खालची सगळी खाचरं अडलीत. हट्ट म्हणवत नाही.

१६ एप्रिल, डिंगोरे

घरी. बाबा टोमॅटोला तारा बांधत होते, त्यांना मदत केली. आईला उंबरमाळाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुंकू लावते का ती?"
"लावते."
"हिरव्या बांगड्या?"
"आहेत."
आई भाकरी उलटत म्हणाली, "मग तिला विधवा कोण म्हणतंय? तुमचं हापिस?"
थोड्या वेळाने, "तू त्या डोंगरात किती दिवस राहणार? आळेफाट्याचे पाहुणे विचारत होते."
मी ताटं मांडायला घेतली.

२० एप्रिल

चिमाबाबांकडे चहा. वाडीत ते म्हणतील तो शब्द. त्यांचा पुतण्या किसनही होता. त्याचं खाचर कोंडाबाईंच्या बरोबर खाली, तेव्हा जीव त्याचा सगळ्यात जास्त टांगणीला.

किसन : "काका, तिला कुनीतरी सांगा. मेलेल्यापायी जित्यांनी उपाशी ऱ्हायचं का?"
चिमाबाबा : "तू सांग की. तुला जीभ हाय."
किसन : "मला ती इळा दाखवती."
चिमाबाबा : "मग तुलाबी कळतंय."

मग चिमाबाबांनीच वाट काढली. पडकई करू म्हणाले. आमच्या डिंगोऱ्याकडे ही पद्धत नाही, मला कॉलेजात पुस्तकातून माहीत. घरटी एक माणूस आपली कुदळ-फावडं घेऊन येतो, सगळे मिळून एकाचं खाचर घडवतात, मग दुसऱ्याचं. या उतारावरचं प्रत्येक खाचर असंच झालेलं. दुंदाबाबांनी प्रत्येकाच्या खाचरात माती ओढली आहे. म्हणजे प्रत्येक घर त्यांचं देणं लागतं.

"हातानं काढू," चिमाबाबा म्हणाले. "हाताला कळतं, काय लागलं त्ये."

कोंडाबाईंना विचारायला मी गेले. त्या राबाची राख चाळत होत्या. चाळणी बाजूला ठेवून म्हणाल्या, "हातानं चालंल."

२१ एप्रिल

साहेब : "हे पडकई-बिडकई कुठल्या रकान्यात बसवायचं?"
मी म्हटलं, मजुरीच्या.
साहेब : "आणि ठेकेदार?"
मी म्हटलं, ड्रायव्हरच येत नाही म्हणतो.
ते हसले. सही केली. "पाऊस आला आणि काम अर्धं राहिलं तर मी तुला ओळखत नाही हां."
घोडेगावच्या बाजारातून स्वतःसाठी फावडं घेतलं. दुकानदाराला वाटलं, वडिलांसाठी.

२९ एप्रिल

सकाळी चिमाबाबा मोठ्या धोंड्यावर उभे राहतात आणि एकेका घराला हाक मारतात. घरच्या कर्त्याचं नाव. तो किंवा त्याच्या घरचं कुणीतरी "हाय" म्हणतं. सगळी घरं बोलली की काम सुरू. दुंदाबाबांचं नाव गाळतात. त्या जागी चिमाबाबा थोडं थांबतात, धोतराचा सोगा सारखा करतात आणि पुढचं नाव घेतात.

कोंडाबाई स्वतः मातीला हात लावत नाहीत. बांधाच्या कडेला बसून बघतात. प्रत्येक फावडं उचललं की त्यांची मान हलते.

तळहाताला फोड आलेत. किसन म्हणाला, "ताई, पदवी हाताला लावा, बरं वाटंल."

५ मे

खालचा दगडी बांध लागला. तो जागचा हललेला नाही. सगळे खूश. चिमाबाबांनी गूळ वाटला.

म्हणजे आता वर वर सरकायचं. वरच्या बांधाकडे. दुंदाबाबा तिथे गेले होते. त्या दिवशी वरचं खाचर तुंबून बांध फुटायला आला होता, म्हणून ते वरच्या बांधातली पाण्याची वाट मोकळी करायला गेले. इथे दुसऱ्याच्या खाचराचं पाणी कुणी सोडत नाही. ज्याचं खाचर त्याच्याच हाताने. घरधनी असेपर्यंत घरधन्याने. तो गेला की मग बाईने.

कोंडाबाई म्हणाल्या, "वाट सोडाया गेलं. सोडली का न्हाई, कुनाला ठावं."
नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत.

११ मे

लिहावं की नको.

चिमाबाबांना ताप. किसन मला म्हणाला, "ताई, आज तुमी हाका मारा. सरकारी हाक." सगळे हसले. मीही धोंड्यावर चढले. नावं मला पाठ झाली होती, पण ती मी घरांच्या ओळीने पाठ केली होती, टोकाच्या घरापासून देवळापर्यंत. चिमाबाबांच्या हाकांवरून नव्हे. त्यामुळे कोंडाबाईंच्या घराशी आले तेव्हा तोंडातून गेलंच.
"दुंदा."
वरून आवाज आला. "हाय."

मोठा नाही. काम करता करता मान न उचलता माणूस बोलतो तसा.

कुणी हललं नाही. मग किसन म्हणाला, "डोंगर बोलला. दरीत घुमतंय हितं." दोघांनी हो हो केलं. मी पुढचं नाव घेतलं. माझाच आवाज मला वेगळा लागला. दिवसभर कुणी थट्टा केली नाही, गाणं नाही, काही नाही.

डोंगर बोलतो, हे मला माहीत आहे. पण डोंगर आपलाच शब्द परत देतो. मी "दुंदा" म्हटलं होतं.

१२ मे

कोंडाबाई आज मातीत उतरल्या. कुणी बोलावलं नव्हतं. पदर खोचला आणि माझ्या शेजारी घमेलं धरलं. कालपेक्षा वेगळ्या दिसत होत्या. कपाळावरचं कुंकू ताजं, मोठं.

मला म्हणाल्या, "कामावर हायेत. मग मी बसून कशाला?"

माफी मागणार होते. तेवढ्यात घमेलं भरलं, ते उचलून चालू लागले.

१४ मे

वरच्या बांधावर कुणी माणूस असेल का, हे किसनला विचारलं. एखादा गुराखी. किसन म्हणाला, "असंल." मग म्हणाला, "या दिसांत वर चारा न्हाई, ताई." मग, "पर असंल."

१९ मे

इरलं सापडलं. वरच्या बांधापासून थोडं खाली. बांबूची कामटी मोडलेली, पानं मातीशी एक झालेली, पण इरलंच. पावसात डोक्यावर घेऊन गेले होते तेच. सगळ्यांनी कुदळी ठेवल्या आणि हातांनी माती काढायला लागले. पार अंधारून येईपर्यंत. इरलं होतं, माणूस नव्हता.

चिमाबाबा अजून अशक्त, तरी आले. म्हणाले, "कोंडे, एवढं मिळालं. ह्येच घेऊन त्याचं दिस करू. भटाला इचारतो. पिठाचा पुतळा करत्यात, तसं."
कोंडाबाईंनी इरलं छातीशी धरलं होतं. "इरलं मोडलं. मानूस न्हाई मोडला."
"आगं, वरीस होत आलं."
"परवा हाकंला ओ दिली त्यांनी. समद्यांनी ऐकली."
चिमाबाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

२० मे

घोडेगावात खोलीवर बसून आहे. कार्यालयात कळवायचं कारण, अंग मोडून आलंय. खरंच आलंय.

या वाडीचं भलं करायला मी आले. आधी कोंडाबाईंच्या मनात एकच होतं, मातीतला माणूस मोकळा व्हावा. आता त्यांना तो जिवंत हवाय. हाक मारून मी तो त्यांना परत दिला.

३ जून

काम पुरं झालं. वरचा बांध नव्याने रचला. मध्ये पाण्याची वाट ठेवली, तोंडाशी मातीचा गोळा आणि वर गवताची ढेप. पूर्वी होती तशीच, तिथेच. माती सगळी काढली, खडकापर्यंत. दुंदाबाबा कुठेच नाहीत.

साहेब येऊन बघून गेले. बांधावर चालून पाहिलं, पाय आपटला. "छान. एक पाऊस जाऊ दे. पाणी वरपासून खालपर्यंत बिनबोभाट उतरलं की दाखला देतो." जाताना जीपमधून डोकं काढून म्हणाले, "शाब्बास गं."
शाब्बास ऐकून डोळ्यांत पाणी आलं. जीप वळेपर्यंत खाली बघत राहिले.

१८ जून, डिंगोरे

बाबांनी शेजारच्या आप्पांना सांगितलं, "आमच्या सुनीने डोंगर बांधला." आप्पा म्हणाले, "लग्न कधी?"

आईने खोलीत येऊन विचारलं, झोपेत काय बोलतेस. मी विचारलं, काय बोलते. "नावं घेत होतीस. हजेरी घेतल्यासारखी." कुणाकुणाची, ते विचारलं नाही.

३० जून

तीन दिवस कोसळतोय. तळेघरच्या पुढे रस्त्यावर ओढा. साहेबांनी जाऊ नको म्हटलं. गेले. दुपारी पोचले.

हे नीट लिहिते, क्रमाने.

कोंडाबाईंचं वरचं खाचर काठोकाठ भरलं होतं. नवा बांध अजून कच्चा, त्याच्या अंगातून पाणी झिरपायला लागलं होतं. वाट सोडली तर पाणी एका खाचरातून दुसऱ्यात पायरीपायरीने उतरेल. नाही सोडली तर बांध जाईल आणि त्याच्याबरोबर खालचे सगळे. वाडी किसनच्या बांधावर उभी होती. आवणीची, म्हणजे लावणीची, रोपं काढून ठेवलेली, मुठी बांधून. आणि कोंडाबाई डोक्यावर ते मोडकं इरलं घेऊन सगळ्यांच्या पुढे. कामटी बांधून घेतली होती.

चिमाबाबा : "कोंडे, सोड वाट."
"माजं काम न्हाई त्ये."
"तुजंच हाय आता."
"त्यांचं हाय. त्येच सोडाया गेल्यात."

किसन रडायच्या बेताला आला होता. "काकू, पाया पडतो." त्या पुतळ्यासारख्या. त्यांनी वाट सोडली की दुंदाबाबा गेले. त्यांच्या हातूनच गेले. हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, म्हणून कुणी पुढे होईना आणि कुणी त्यांना ओढीना.

मग किसन माझ्याकडे वळला. "ताई, तुमी सोडा. तुमी ना ह्या घरच्या, ना वाडीच्या. सरकारच्या हाताला दोस न्हाई."
मी कोंडाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली. हो नाही, नाही पण नाही.

मी चढायला लागले. धुकं इतकं, की चार पावलांवर लोक दिसेनात. बांधाच्या कडेकडेने वर गेले. पाण्याचा आवाज वाढत गेला. मला वाटलं, बांध गेला.

बांध गेला नव्हता. वाट सोडलेली होती.

गवताची ढेप उचलून बाजूला, मुळं वर करून ठेवलेली, म्हणजे परत लावायला बरी. मातीचा गोळा काढून बांधाला थापलेला. पाणी सरळ, शांत, खाली जात होतं. फुटलेल्या पाण्यासारखं नाही. सोडलेल्या पाण्यासारखं.

किती वेळ उभी होते कळत नाही. हाक मारावीशी वाटली. नाव तोंडाशी आलं होतं. मारली नाही.

खाली आले तर आरडाओरडा, पाणी उतरलं, ताईनं सोडलं. चिमाबाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. किसन बांधावरून उडी मारून चिखलात बसला आणि हसायला लागला. मी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "ताईच्या हाताला माती आसंल, पानी घाला रं." तांब्या पुढे आला. मी हात पुढे केले आणि धुतले.

१ जुलै

पाणी आपोआप वाट काढतं. ढेप पाण्याने उलटू शकते. गोळा पाण्याने सरकू शकतो. बांधाला थापलेला दिसणं हा भास असू शकतो. धुकं होतं.

बी.एस्सी.च्या पोरीने असं लिहायला हवं. लिहिलं.

७ जुलै

साहेबांनी दाखल्यावर सही केली. उंबरमाळाच्या सगळ्या खातेदारांचं अनुदान मंजूर. आणखी दोन वाड्यांत अशीच पडकई करायची का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. मग जिन्यात बसून राहिले.

१६ जुलै

शेवटची भेट, कामानंतरचे फोटो काढायला. आवणी झाली आहे. खाचरं वरपासून खालपर्यंत हिरवी, एकेक पायरी पाण्याने भरलेली. इतकं सुंदर काम माझ्या हातून पुन्हा होईल असं वाटत नाही. फोटो काढताना वरच्या बांधाकडे कॅमेरा नेला नाही. नंतर नेला, कारण न नेणं बरोबर नव्हतं. तिथे फक्त बांध होता.

कोंडाबाईंनी घरी नेलं. इरलं खुंटीला. चुलीवर कोरा चहा. त्यांनी समोर बसून विचारलं,
"पोरी, वाट तू सोडलीस?"
मी कपात बघत होते.
"तू सोडली असंल तर त्ये गेलं. मग मी त्यांचं दिस घालती, हे पुसती. चिमाबाबाला सांगती, भटाला बोलाव. आनि तू न्हाई सोडली, तर मी थांबती. मला काय, थांबायची सवं हाय."

त्या कुठल्या उत्तराची वाट बघत होत्या, ते मला चेहऱ्यावरून कळेना. मी वाडीचा विचार केला. चिमाबाबांचा. कोंडाबाईंच्या पुढच्या पावसाळ्यांचा. एकटी बाई, दर वर्षी बांधाशी उभी. माझ्या एका हाकेने हे झालं, माझ्या एका शब्दाने मिटेल असं वाटलं.

"हो," मी म्हटलं. "मीच सोडली."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. कप घेतला, विसळला, पालथा घातला. दारापर्यंत आल्या. "जपून जा, उतार निसरडा हाय."

कुंकू तसंच होतं. पुसतील, आज ना उद्या. किंवा

एसटी डिंभ्याला थांबली तेव्हा आठवलं. त्या दिवशी गर्दीत तांब्या कुणी पुढे केला ते मी पाहिलं नव्हतं. पण मोडक्या इरल्याची कड माझ्या कपाळाला लागली होती. माझ्या हातांवर पाणी कोंडाबाईंनी घातलं होतं. आणि ते खाली पडताना स्वच्छच होतं, मातीचा कणही नव्हता.